अर्धा फेरा ढिला

“तुमच्या पंपाला सूर नाही आणि तुमच्या मुलाच्या जिभेला हाड नाही,” गाण्याच्या बाई म्हणाल्या.

हे त्या माझ्या आईला म्हणाल्या, त्यांच्या बोटीच्या कठड्यावरून आमच्या बोटीच्या कठड्यावर. मधे दीड हात पाणी. आई तेव्हा भांडी घासत होती, म्हणजे नळ चालू, म्हणजे पंप चालू, म्हणजे आईला फक्त बाईंचं तोंड हलताना दिसत होतं. आईने हसून मान डोलावली. माझ्या जिभेला हाड नाही यावर घरच्यांचंही एकमत आहे, अशी बाईंची खात्री पटली.

मी काय म्हणालो होतो ते आधी सांगतो, नाहीतर तुमचाही गैरसमज व्हायचा. बाईंची तक्रार अशी, की आमचा पंप सुरू झाला की त्यांच्या विद्यार्थिनी त्याचाच सूर धरतात, आणि तो सूर अर्ध्या पट्टीने चुकीचा आहे. मी म्हटलं, बाई, पंपाचं एक बरं आहे, नळ बंद केला की तो थांबतो. बास, एवढंच. यात हाडाचा संबंध कुठे येतो?

आता आमची बोट. ती आमच्याकडे कशी आली, आम्ही चांगला फ्लॅट सोडून तिच्यावर राहायला का आलो, हे मला विचारू नका. आईसमोर तर मुळीच विचारू नका. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, धक्क्यावर अकरा नंबरचा खुंट, बास. पुढच्या बाजूला पायाखालच्या फळ्यांखाली गोड्या पाण्याची टाकी. स्वयंपाकघरात बेसिनखालच्या कपाटात पंप. नळ उघडला की पंप सुरू, बंद केला की बंद. पंप दोन वितींचा. आवाज मात्र असा, की कोणीतरी पत्र्याच्या डब्यात खिळे भरून जिन्यावरून सोडलेत. बरं, नुसता आवाज असता तर कान झाकून बसलो असतो. हा सगळ्यांना हलवतो. कपाटातल्या बश्या वाजतात. आरसा थरथरतो, त्यामुळे बाबा दाढी करताना कोणीही नळ उघडायचा नाही असा नियम आहे, आणि स्वतः बाबांना दाढी करायला नळ लागतो. टेबलावर ठेवलेला बाबांचा चष्मा हळूहळू चालत कडेला जातो आणि खाली पडतो. दोनदा फुटला. तिसऱ्यांदा आईने तो पकडला आणि म्हणाली, “हा चष्मा आपल्यापेक्षा शहाणा. त्याला कधीचं निघून जायचंय.”

बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. आता निवृत्त. तीस वर्षं त्यांनी लोकांचे काटे तपासले आणि तारेने बांधून त्यांना शिशाचं सील ठोकलं. त्यामुळे त्यांच्या हाताला ढिलं काही सहन होत नाही. बाबांनी बंद केलेली बरणी उघडायला आईला शेजारी जावं लागतं. बाबांनी बंद केलेला नळ गळत नाही, कारण तो परत उघडतच नाही. शाळेत असताना माझ्या बुटांच्या नाड्या ते बांधायचे. संध्याकाळी पाय निळे. हे आत्ताच सांगून ठेवतो. पुढे कामाला येईल.

बाईंनी तक्रार तोंडी केली असती तर निभलं असतं. पण त्यांनी ती लेखी केली, आणि शुक्रवारी धक्क्याच्या ऑफिसातून नोटीस आली. ऑफिसचे हेडक्लार्क कोणती बोट कोणत्या खुंटाला बांधायची ते ठरवतात, म्हणून सगळे त्यांना खुंटसाहेब म्हणतात. नोटिशीत लिहिलं होतं, की अकरा नंबरच्या बोटीवरील यंत्राचा उपद्रव आठ दिवसांत बंद करावा, पुढच्या शनिवारी समक्ष तपासणी होईल, अन्यथा बोट शेवटच्या खुंटाला हलवण्यात येईल. शेवटचा खुंट म्हणजे कचऱ्याची बोट लागते तो. आईने नोटीस वाचली, घडी घातली आणि बाबांना शांतपणे सांगितलं की बोट तिकडे गेली तर ती मावशीकडे जाईल. आई शांतपणे बोलली की समजायचं, हे ठरलंय.

आता माझं. मी नववीतून शाळा सोडली. सोडली म्हणजे, त्यांनीही फार धरून ठेवलं नाही. धक्क्याच्या पलीकडे बोटींचं वर्कशॉप आहे, तिथले मिस्त्री मला शिकाऊ म्हणून घ्यायला तयार होते. पण फॉर्मवर वडिलांची सही लागते. तो फॉर्म बाबांनी अडीच महिने कपाटात कुलूप लावून ठेवला होता. त्या शुक्रवारी मी परत विषय काढला. बाबा म्हणाले, “ज्याला घरातला एक पंप गप्प करता येत नाही, तो लोकांची इंजिनं काय दुरुस्त करणार?”

मी म्हटलं, केला तर?

“केलास तर सही करतो. नाही केलास तर तपासणीनंतरच्या सोमवारी शाळेत. परत नववीत.”

परत नववी म्हणजे काय, हे ज्याला परत बसावं लागलं नाही त्याला कळणार नाही. मागच्या वर्षी ज्या पोरांना मी मैदानातून हाकलायचो, त्यांच्या शेजारी बाकावर बसायचं. मी तिथल्या तिथे ठरवलं. पंप गप्प करायचा म्हणजे करायचा, मग तो राहो किंवा मी.

पहिला सल्ला कॅप्टनांनी दिला. कॅप्टन म्हणजे दहा नंबरच्या खुंटावरचे आजोबा. त्यांची बोट समोरच्या काठापलीकडे कधी गेलेली नाही, पण टोपी आहे. ते म्हणाले, यात काय एवढं, आवाज म्हणजे हवा, हवा कोंडली की आवाज कोंडला. पंपाला जाड रजई गुंडाळ. मी गुंडाळली. कोणती रजई ते मी बघितलं नाही, ही माझी चूक. आईने तासभर कपडे धुतले. आवाज खरंच थोडा कमी झाला, आणि मी कॅप्टनांकडे आदराने बघायच्या बेतात होतो, तेवढ्यात वास आला. पंपालाही घाम येतो, त्यालाही वारा लागतो, हे त्या दिवशी कळलं. रजईला बशीएवढं भोक. ती आईच्या लग्नातली. आई ती भोक पडलेली रजई बाबांच्या अंथरुणावर घालून गेली. चूक माझी आणि रजई बाबांवर का, हे त्या घरात कोणीच विचारलं नाही. कारण कॅप्टनांना पहिल्यांदा घरी चहाला बाबांनी बोलावलं होतं.

दुसरा सल्लाही कॅप्टनांचाच. काही माणसं चुकली की गप्प बसतात, काही दुसरा सल्ला देतात. आता म्हणे पेटी कर, वारा जाईल एवढी, आतून स्पंज. मी प्लायवूडची पेटी केली, आतून स्पंज लावला, ती भिंतीला ठोकून बसवली. बोट मिनी बॅंडपथक झाली. आधी पंप वाजत होता, आता पंप, पेटी आणि भिंत असे तिघं वाजायला लागले. बाईंनी खिडकी लावून घेतली. खिडकी लावण्याचा आवाज मात्र ऐकू आला.

तिसरा प्रयोग माझ्या स्वतःच्या डोक्यातला, म्हणून त्याबद्दल थोडक्यात सांगतो. मी विचार केला, पंप कशाला टेकलाच नाही तर हलवणार कोणाला? मी तो दोरीने कपाटात पाळण्यासारखा टांगला. नळ उघडला. आवाज गेला. खरंच सांगतो, एवढी शांतता झाली की पलीकडे एक मुलगी ‘आ’ लावत होती ते मला कळलं, आणि तिचं खरंच काही खरं नव्हतं. मी आईला हाक मारली, बाबांना हाक मारली. दोघं येऊन उभे राहिले. पंप हळूच डोलायला लागला. मग जोरात डोलायला लागला. मग त्याला जोडलेला कडक प्लास्टिकचा पाइप ताठच राहिला आणि पंप एकटाच पुढे गेला. पाइप सुटला. पाणी पहिल्यांदा पिठाच्या डब्यावर, मग बाबांवर आणि मग कुठे नाही ते विचारा. बाबा नखशिखांत भिजून उभे. चष्म्यावरून पाणी ओघळतंय. ते फक्त म्हणाले, “क्लिप आवळली नव्हतीस.”

मी म्हटलं, आवळली होती.

“आवळली असतीस तर सुटली नसती.”

या घरात कोणतंही संकट आलं की त्याचं कारण एकच. कोणीतरी काहीतरी आवळलं नव्हतं.

चार दिवस संपले होते. चौथ्या दिवशी मी वर्कशॉपला मिस्त्रींकडे गेलो. सांगतो, मला मदत मागायला आवडत नाही. मी दारात उभा राहून म्हटलं की सहज इकडून चाललो होतो. मिस्त्री एका इंजिनात खांद्यापर्यंत हात घालून बसले होते. त्यांनी मान न वळवता विचारलं, पिठाचा वास कसला येतोय?

मी सगळं सांगितलं. मिस्त्री ऐकत होते की नाही कळेना. मग हात बाहेर काढून पुसत म्हणाले, “पंप काढून नुसता हातात धर आणि चालव. मग फळीवर टेकव. काय ऐकू येतं ते मला येऊन सांग.”

मी घरी येऊन तसं केलं. हातात धरला तर पंप आईच्या शिवणयंत्रापेक्षा हळू. भिंतीच्या पातळ प्लायवूडला टेकवला की गर्जना. बेसिनच्या पाइपला टेकवला की बश्या नाचायला लागल्या. मी तसाच धावत वर्कशॉपला गेलो, म्हटलं, मिस्त्री, पंप आवाज करतच नाही. पंप नुसता थरथरतो. आवाज आमची बोट करते.

मिस्त्रींनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. मग त्यांनी एका डब्यातून चार मऊ रबरी पाय काढून दिले, अंगठ्याएवढे, आणि हातभर लवचीक रबरी नळी. सांगितलं ते एवढंच. पंप पातळ भिंतीवर नाही, जड फळीवर बसव. मधे हे पाय. आणि कडक पाइप पंपाला थेट लावू नकोस, मधे ही नळी, तीही सैल वळण देऊन. आणि पायांवरचे नट? नट रबराला नुसता टेकला की थांब. वर अर्धा फेरासुद्धा नको. रबर चेपलं की ते रबर राहत नाही, लाकूड होतं.

आता जड फळी. अशी फळी आमच्या बोटीसमोरच धक्क्यावर पडलेली होती. जुन्या बोटीची, चार बोटं जाड. सहा वर्षं पडलेली, तिच्यावर गवत उगवलेलं. मी ती उचलली आणि तेवढ्यात धक्क्याच्या ऑफिसची खिडकी आतून उघडली. त्या खिडकीला डोळे आहेत. खुंटसाहेब म्हणाले, ठेव ती. सरकारी आहे. मी म्हटलं, साहेब, सहा वर्षं पडून आहे.

“पडून नाही. जमा आहे.”

मग अर्ज. विषय: जमा असलेली फळी वापरण्याबाबत. साहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, फळी बाहेर नेण्याचा अर्ज वेगळा, आत वापरण्याचा वेगळा, हा कोणता? मला काय माहीत कोणता. माझं डोकं तापायला लागलं होतं, आणि मी तोंड उघडणार होतो, पण आठवलं, तपासणी याच माणसाच्या हातात आहे. मी गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा गिळलं. साहेबांनी धक्क्याचा नकाशा काढला, बोट टेकवून बघितलं, आणि निवाडा दिला. आमची बोट अकरा नंबरच्या खुंटाला, म्हणजे धक्क्याच्या हद्दीत. फळी आमच्या बोटीवर गेली तरी हद्दीतच राहते. म्हणजे ती उचलली असं होत नाही. सरकवली असं होतं. सरकवायला अर्ज लागत नाही.

मी म्हटलं, मग मी अर्ज का लिहिला?

“ते तुलाच माहीत,” साहेब म्हणाले. अर्ज मात्र त्यांनी ठेवून घेतला.

पाचव्या दिवशी दुपारपर्यंत सगळं बसलं. फळी, फळीवर चार रबरी पाय, पायांवर पंप, नळीला सैल वळण, नट नुसते टेकवलेले. कपाटाच्या कुठल्याच भिंतीला काहीही लागत नाही, हे मी कागदाचा कपटा सगळीकडून सरकवून बघितलं. मग नळ उघडला. बुरबुर. बास, एवढंच. मांजर झोपेत करतं तेवढं. बश्या गप्प. आई दोन मिनिटं नुसता नळ उघडून उभी राहिली, मग म्हणाली, पाणी येतंय ना पण? बाबांचा चष्मा टेबलावर ठेवला. जागचा हलला नाही. बाबांनी वाकून कपाटात बघितलं, पंप बोटाने हलवून पाहिला, तो हलला. बाबांच्या कपाळावर आठी पडली. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मोठ्या माणसाला पोराचं यश पचायला वेळ लागतो, असं मी मनात म्हटलं आणि शीळ वाजवत धक्क्यावर फिरून आलो.

सहाव्या दिवशी सकाळी आईने चहासाठी नळ उघडला आणि बश्या नाचायला लागल्या.

मी कपाटात घुसलो. रबरी पाय चेपून बसलेले, नट करकचून. मी म्हटलं, कालच्या घाईत माझाच हात जड पडला असेल. ढिले केले, गप्प झाला. सातव्या दिवशी सकाळी परत तेच. आता ही गोष्ट नीट समजून घ्या. थरथरीने नट ढिला होतो. आपणहून घट्ट कधीच होत नाही. म्हणजे कोणीतरी घट्ट करतंय. म्हणजे माणूस.

संशयित दोन. कॅप्टन, पण त्यांच्या सल्ल्यात कुठेही पाना नव्हता. आणि गाण्याच्या बाई. हेतू त्यांचा स्पष्ट होता. आम्ही शेवटच्या खुंटाला गेलो की त्यांच्या शेजारी शांतता. दीड हात पाणी ओलांडायला कितीसा वेळ? घरच्यांचा विचार मी केला नाही. घरचं भिजलेलं पीठ स्वतः जाऊन बदलून आणणारा मी, माझ्यावर घरचे का उलटतील?

मी कठड्यावरून बाईंना सरळ विचारलं की आमच्या कपाटात तुमचं रोज सकाळी काय काम असतं. त्यांच्या मागे चार विद्यार्थिनी बसल्या होत्या. बाईंचा चेहरा असा झाला, की मला तोंडातून गेलेले शब्द दोरी लावून परत ओढावेसे वाटले. त्या एकदम हळू आवाजात म्हणाल्या, “मला गुडघ्यांमुळे स्वतःची बोट चढता येत नाही, मुला.” आणि विद्यार्थिनींकडे वळल्या. कोणी गायलं नाही. मला बाईंच्या ओरडण्याचा राग येत होता, पण त्या ओरडल्या नाहीत याचा मला जास्त त्रास झाला. माफी मागायला गेलो असतो. पण मला वेळ नव्हता. हे खरं कारण नाही, पण तेव्हा मी स्वतःला तेच सांगितलं.

आठवा दिवस, शनिवार. सकाळी सात वाजता उठून बघतो तर पंप बरोबर. कोणी हात लावलेला नव्हता. मी नळ तीनदा उघडून खात्री केली आणि खुंटसाहेबांना आणायला ऑफिसला गेलो, कारण साहेबांना कोणी आणायला गेलं नाही तर ते येत नाहीत. साहेब, एक फाइल, फाइल धरायला कॅप्टन (हे का आले ते कोणी विचारलं नाही), आणि तक्रारदार म्हणून हात धरून आणलेल्या बाई, एवढे सगळे आमच्या स्वयंपाकघरात. एक पाहुणा आला तरी एकाने बाहेर जावं लागतं अशी ती जागा. आई दारात उभी. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून.

साहेब म्हणाले, आवाज मोजायचं यंत्र ऑफिसकडे नाही, त्यामुळे तपासणी कानाने होईल. कोणत्या, ते त्यांनी सांगितलं नाही, पण डावा कान त्यांनी आमच्याकडून वळवून घेतला, त्यावरून कळलं. मी म्हटलं, ऐका, आणि नळ उघडला.

असा आवाज गेल्या आठ दिवसांत झाला नव्हता. रजईच्या, पेटीच्या, कोणत्याच दिवशी नाही. बश्या वाजल्या, आरसा थरथरला, बाबांचा चष्मा टेबलावरून निघाला आणि सगळ्यांसमोर कडेपर्यंत चालत गेला. आईने पकडला. साहेबांनी फाइल उघडली. मला नववीच्या वर्गातला तिसरा बाक दिसायला लागला.

मी गुडघ्यावर बसलो आणि कपाट उघडलं. चारही रबरी पाय चेपून चपलेच्या झिजल्या टाचेसारखे झालेले. आणि फळीवर पाना. आमचाच पाना, बाबांचा, त्याच्या दांड्याला बाबा नेहमी गुंडाळतात ती निळी चिकटपट्टी.

मी वर बघितलं. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. साहेबांच्या फाइलीतल्या नोटिशीकडे बघत होते.

“रोज सकाळी बघायचो,” ते म्हणाले. “सगळे ढिले असायचे. म्हटलं, पोराच्या हातून राहून जातंय. आज तू साहेबांना आणायला गेलास, म्हटलं आजच्या दिवशी तरी...” आणि त्यांनी हवेतच पाना फिरवल्यासारखा हात फिरवून दाखवला. जोर लावून.

म्हणजे ते मला पास करत होते. रोज सकाळी, चहाच्या आधी, गुपचूप, माझी चूक दुरुस्त करत होते, आणि मला बोललेही नव्हते, मला वाईट वाटेल म्हणून. हे मला आत्ता लिहिताना समजतंय. तेव्हा माझं डोकं सणकलं होतं. तेव्हा मी साहेब, कॅप्टन, बाई सगळ्यांसमोर ओरडलो, “बाबा, राहून जात नव्हतं. मी तसेच ठेवत होतो. प्रत्येक गोष्ट आवळायची नसते. आवळली की ती ओरडते.”

पंप चालूच होता. त्यामुळे मला वाटलं कोणालाच ऐकू गेलं नसेल. मग आईने नळ बंद केला आणि कळलं, सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

बाबांनी साहेबांना दहा मिनिटं मागितली. साहेब म्हणाले, दहा मिनिटांची नियमात तरतूद नाही, पण ते फाइलमध्ये पेन शोधतील तोपर्यंत काय होईल ते त्यांना दिसणार नाही. बाबा इस्त्रीच्या शर्टसकट कपाटात वाकले. पाना घेतला. विचारलं, “किती?”

मी म्हटलं, नट रबराला टेकेल तिथपर्यंत परत घ्या, आणि थांबा.

“टेकलाय हे कसं कळणार?”

“हाताला कळतं. जोर लावावासा वाटला की समजायचं, झालं.”

बाबांनी पहिला नट फिरवला. आयुष्यात मी त्यांना काहीही ढिलं करताना बघितलं नव्हतं. पहिला नट, दुसरा, तिसरा. चौथ्याला ते थांबले, अजून जरासं आवळावं असं त्यांच्या मनगटाला वाटलं, ते मला दिसलं. मनगट थांबलं. मग त्यांनी पाना माझ्याकडे दिला. आईने नळ उघडला. बुरबुर. मांजर.

साहेबांनी उजवा कान पुढे केला. कॅप्टन म्हणाले, मी म्हणतच होतो. आणि मग सगळ्यांना ऐकू आलं. खड् खड् खड् खड्. बारीक, पण स्पष्ट, आणि अर्ध्या पट्टीने चुकीचं. आमच्याकडून नाही. खिडकीतून. बाईंच्या बोटीवर कोणती तरी विद्यार्थिनी हात धुवत होती. इतके दिवस आमच्या आवाजाखाली बाईंचा पंप लपून बसला होता.

साहेब बाईंकडे बघत होते, बाई खिडकीकडे बघत होत्या. माझ्या जिभेच्या टोकावर एक वाक्य आलं. फार चांगलं होतं. पण मला कालचा त्यांचा चेहरा आठवला, आणि मी ते गिळलं. आठवड्यात दुसऱ्यांदा. सवय लागेल की काय असं वाटलं.

मी म्हटलं, “बाई, काल मी चुकलो. सोमवारी येऊन तुमचा पंप बघतो.”

साहेबांनी आमच्या फाइलवर लिहिलं, उपद्रव आढळला नाही. बाईंची नवी फाइल उघडायची का, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, नको, पंपवाला घरचाच आहे.

सगळे गेल्यावर बाबांनी त्यांच्या कुलपाच्या कपाटाच्या तळातून एक कापडी पिशवी काढली. तीत त्यांची जुनी सील ठोकायची पकड, तार आणि शिशाच्या गोळ्या. निवृत्तीच्या दिवशी खात्याने सगळं परत घेतलं होतं. पकड कशी राहिली ते आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे तपासणाऱ्या माणसाने सांगितलं नाही. त्यांनी चारही नटांभोवती तार सैलसर गुंडाळली, टोकं गोळीत घातली आणि पकडीने कट्कन दाबली. म्हणाले, आता मलाही हात लावता येणार नाही. सील तोडणं गुन्हा आहे. मग त्याच कपाटातून माझा फॉर्म काढला, सगळा वाचला, मागची बाजूही वाचली आणि सही केली. एवढी दाबून, की खालच्या वहीच्या तीन पानांवर उमटली. ती तीन पानं आईने फाडून जपून ठेवलीत. का, ते विचारलं नाही.

आज सोमवार. खरं तर आठ वाजता वर्कशॉपला हजर व्हायचं होतं, पहिला दिवस. मिस्त्रींना शनिवारीच सांगितलं होतं. ते म्हणाले, आधी बाईंचा पंप कर, मग ये, तेच पहिलं काम समज. रबरी पाय खिशात आहेत, नळी खांद्यावर. बाई कठड्यावर आल्यात. आत्तापर्यंत ‘ए मुला’ होतं, आत्ता म्हणतायत, “अहो, येताय ना?” आणि आतून बाबांचा आवाज येतोय, दाढी करता करता, नळ चालू ठेवून:

“जास्त आवळू नकोस रे.”

निघतो. आता जायलाच हवं.